चांदीवरची मावशी

चांदीचं काम करणाऱ्या माणसाला एक खोड असते. हातात पत्रा आला की तो आधी त्यावर तोंडाची वाफ सोडतो आणि मग अंगठ्याने पुसतो. गरज असो वा नसो. ठकीला ही खोड बाबांकडून आली होती आणि बाबांना त्यांच्या वडिलांकडून, त्यामुळे ती मोडायची म्हणजे साऱ्या घराण्याशी वाकडं घेण्यासारखं होतं. तरी बिचारी वर्षभर झटत होती. कारण ती आणि अंधारकाका मिळून जे करायला निघाले होते, त्यात अंगठ्याला साफ मनाई होती.

अंधारकाका म्हणजे गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ चालवणारे गृहस्थ. सारी हयात डार्करूममध्ये गेली म्हणून कोणीतरी चेष्टेने हे नाव ठेवलं आणि ते त्यांना इतकं आवडलं की दारावरही त्यांनी तेच रंगवून घेतलं. पुढे लोकांच्या हातात फोन आले आणि स्टुडिओ ओस पडला. दुसरा कोणी असता तर कुलूप लावून नशिबाला बोल लावत बसला असता. काकांनी उलट मागची वाट धरली. फिल्मच्या मागे, कागदाच्याही मागे, लोक चांदीच्या पत्र्यावर फोटो उमटवत त्या काळापर्यंत ते चालत गेले, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला चांदी घासता येत नाही. म्हणून ते ठकीकडे आले.

ठकी तेव्हा चाळिशीला टेकली होती. बँकेच्या कागदांवर तिचं एक भारदस्त नाव होतं, पण घरात आणि गल्लीत ती ठकीच. बाबांचे डोळे मंदावल्यापासून दुकान तीच बघायची, आणि त्याच नक्षीच्या पैंजणांचे तेच जोड करून करून तिला अगदी वीट आला होता. काकांनी पुस्तकातलं एक जुनं चित्र दाखवलं आणि म्हणाले, "असं लॉकेटात बसवलं तर?" पुढचं त्यांना बोलावंच लागलं नाही. बाईने ऐरणीवरचं काम तसंच टाकलं आणि चपला घातल्या.

काम असं होतं. पत्रा इतका घासायचा की त्यात बघून कोणालाही दाढी करता यावी. मग तो आयोडीनच्या डब्यावर उपडा धरायचा, म्हणजे त्यावर आधी पिवळी आणि मग गुलाबी झाक चढते. "आता चांदीला डोळा फुटला," असं काका म्हणायचे. मग तो कॅमेऱ्यात घालायचा आणि समोरच्या माणसाला मिनिटभर दगडासारखं बसवायचं. नंतर पत्र्यावर लाल काच ठेवून तो उन्हात सोडून द्यायचा, की दोन-तीन तासांत चेहरा हळूहळू वर येतो. पूर्वी बरेच जण यासाठी पारा तापवत आणि त्याच्या वाफेने आजारी पडत. काकांची लाल काचेची रीतही जवळपास तेवढीच जुनी, पण जीव घेणारी नव्हती. शेवटी चित्र धुऊन त्यावर सोन्याचं पाणी ओतायचं आणि खालून आच द्यायची, म्हणजे ते पक्कं होतं. तोवर मात्र चित्र म्हणजे चांदीवर बसलेली धूळ. बोट लागलं की संपलं. आणि याची दुसरी प्रत निघत नाही.

आता हे ठकीच्या अंगठ्याला कोण समजावणार? पहिल्याच आठवड्यात तिने शेजाऱ्यांचं मांजर पुसलं. मग काकांच्या खिडकीतली कुंडी पुसली. एकदा तर एका गिऱ्हाइकाचा कुत्रा अर्धा पुसून ठेवला आणि उरलेल्या अर्ध्याची अंगठी केली. गिऱ्हाईक खूश झालं, ही गोष्ट वेगळी. पण काका मात्र तिच्या हातात पत्रा दिसला की लांबूनच ओरडायचे, "हात! हात मागे, बाई!" वर्ष सरेपर्यंत तिचा अंगठा बराचसा सुधारला, आणि चांदीतले चेहरे काचेखाली बसवलेली त्यांची लॉकेटं, पदकं, अंगठ्या लोक विचारत विचारत येऊन न्यायला लागले.

मावशीला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं. "माणूस घरात चालतंबोलतं असताना त्याला गळ्यात कशाला अडकवायचं?" असा तिचा रोकडा सवाल होता.

मावशी दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची. ठकी चार महिन्यांची असताना तिची आई तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा मावशी पंधरा दिवसांसाठी म्हणून आली आणि परत गेलीच नाही. लोकांनी काही काळ जिभा चालवल्या. मावशीची जीभ आपल्यापेक्षा जोरात चालते हे कळल्यावर त्या आपोआप थांबल्या. तिने लग्न केलं नाही, ठकीला वाढवलं, आणि मेव्हण्याच्या घरात ताठ मानेने राहिली.

आई आणि मावशी जुळ्या होत्या. त्यामुळे ठकीने लहानपणी कधी विचारलं, की आई कशी दिसायची, तर जो तो मावशीकडे बोट दाखवायचा. हुबेहूब! फरक म्हणून नाही! हे ऐकून ऐकून तिने विचारणं सोडलं. आईचा एकच फोटो घरात होता, लग्नातला. त्याला भिंतीची ओल लागली आणि नेमकी चेहऱ्याच्या जागी पांढरी बुरशी चढली. साडी दिसायची, हात दिसायचे, चेहरा नाही.

आणि मावशीकडे बघून आई दिसते, हे ठकीला कधी जमलं नाही. वेणी घालताना केस ओढणारी, दूध सांडलं की घर डोक्यावर घेणारी, परीक्षेच्या दिवशी फाटकापर्यंत येऊन पुन्हा पुन्हा रुमालाची आठवण करून देणारी ती मावशी होती, अगदी पुरती मावशी. तिच्यात आईला शोधायला गेलं की तीच सापडायची. ठकीचं तिच्यावर जिवापाड प्रेम होतं. पण आईचा चेहरा आपण एकदाही पाहिला नाही आणि पाहणारही नाही, हे दुःख तिच्या मनात होतं, आणि मावशीला लागेल म्हणून ते तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

बाबांना विचारायची सोयच नव्हती. ते मुळात मितभाषी, त्यात मावशीशी बोलताना तर तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. भाजी काय केली हे विचारायचं असलं तरी ते हातोडीला विचारायचे. गल्लीला तो त्यांचा सभ्यपणा वाटायचा आणि ठकीला स्वभाव.

तर झालं असं, की मावशीच्या डाव्या गालावर, नाकाच्या बाजूला एक चांगला ठसठशीत तीळ होता, जन्मापासूनचा. त्या वर्षी तो वाढायला लागला. कातडीच्या डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "बहुतेक काही नसेल, पण ठेवायला नको. सोमवारी काढून टाकू आणि तपासायला पाठवू."

मावशीने मान डोलावली. "गेला तर गेला. आयुष्यभर त्यात पावडर अडकतेय."

ठकीचा चेहरा मात्र उतरला. डॉक्टर काय सांगतील याची धास्ती तर होतीच, पण त्याहून एक वेडं दुःख होतं. तो तीळ म्हणजे तिच्या लहानपणचं बटण. ते दाबलं की मावशी जीभ बाहेर काढायची. आता तो जाणार, तर जाण्याआधी तो चांदीवर धरून ठेवायचा, काचेखाली, लॉकेटात, स्वतःच्या गळ्यात, हे तिने डॉक्टरांच्या पायऱ्या उतरतानाच ठरवून टाकलं.

"मी काय मेले का?" मावशी म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठी नाही, तिळासाठी."

"मग तिळालाच बसव तिथे खुर्चीवर."

पण शनिवारी सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून स्टुडिओच्या मागच्या अंगणात हजर होती.

काकांनी तिला उन्हात खुर्चीवर बसवलं आणि मानेमागे लोखंडी टेकू लावला. "पापण्या लवल्या तरी चालतील," ते म्हणाले, "फक्त बोलायचं नाही." हे मावशीला सांगणं म्हणजे नळाला सांगणं, वाहू नकोस. पहिला पत्रा तिने टेकूबद्दल तक्रार करण्यात घालवला. दुसऱ्या वेळी सगळं सुरळीत चाललं असताना भिंतीवरून शेजारीण डोकावली आणि मावशीने तिला, ओठ शक्य तितके कमी हलवून, दुधाचा भाव विचारला. दोन्ही पत्र्यांवर तोंडाच्या जागी धुकं आलं.

यात काकांचीही एक अडचण होती. या रीतीत चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. ते सुलट यावं म्हणून काका कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक तिरका आरसा लावायचे. पण आरसा उजेड खातो, म्हणजे बसणाऱ्याला आणखी जास्त वेळ बसवावं लागतं. ठकीने बजावून ठेवलं होतं, की तीळ जिथे आहे तिथेच आला पाहिजे, आरसा हवाच. तिसरा आणि शेवटचा घासलेला पत्रा कॅमेऱ्यात घालताना काकांनी एकदा मावशीच्या ओठांकडे बघितलं, ठकीची पाठ आहे हे बघितलं, आणि गुपचूप आरसा काढून खिशात टाकला.

संध्याकाळी चित्र धुऊन झालं. इतकं स्पष्ट चित्र त्या दोघांनी वर्षभरात काढलं नव्हतं. एकेक सुरकुती, एकेक पांढरा केस, डोळ्यांतला तो मिश्कीलपणा, सगळं त्या काडेपेटीएवढ्या चांदीत उतरलं होतं. ठकीने बघितलं आणि ती उखडली.

"काका, तीळ उजवीकडे गेला!"

"मग काय करू? तिला अजून मिनिटभर गप्प बसवायचं तर भूल द्यावी लागली असती."

"अहो, पण ही मावशी वाटतच नाही! काहीतरी भलतंच दिसतंय."

"उद्या परत बसवू," काका समजुतीने म्हणाले. "सोन्याचं पाणी आज तयार नाही, तेही उद्याच. तोवर हा ने घरी. आणि हात मागे!"

ठकी धुसफुसत घरी आली. तिने डबी उघडून पत्रा दुकानातल्या दिव्याखाली ठेवला, बाबांना म्हणाली, "बघा काय घोळ घातलाय," आणि जिन्याखाली जाऊन मावशीला हाका मारायला लागली. परत आली तेव्हा बाबांनी डोळ्याला भिंग लावलं होतं आणि पत्रा कडेला धरून उचलला होता.

"म्हातारी झाली गं," ते म्हणाले.

"म्हणजे काय? सत्तरीला आली. होणारच की मावशी म्हातारी."

"मावशी नाही." बाबांचा आवाज भलतीकडूनच येत असल्यासारखा वाटला. "तुझी आई."

ठकीला कळेना. बाबांनी भिंग न काढताच सांगितलं. दोघी सारख्या होत्या खऱ्या, पण समोरासमोर उभ्या राहिल्या तर. एकीचा तीळ डाव्या गालावर, दुसरीचा उजव्या. एक डावरी, दुसरी उजवी. मावशीचं हसताना तोंड जिकडे वर जातं, त्याच्या बरोबर उलट्या बाजूला आईचं जायचं. "लोकांना फरक कळायचा नाही. मला कळायचा," ते म्हणाले. "म्हणून मी तिच्याकडे बघत नाही गं. बघितलं की सगळं असतं आणि उलटं असतं. नको वाटतं."

आईचा चेहरा संध्याकाळपासून तिच्या हातात होता आणि तिने त्यात फक्त चूक बघितली होती. तिने स्टूल ओढलं, बाबांच्या खांद्यावरून वाकून आता खरोखर बघायला गेली, आणि नेमकं त्याच क्षणी बाबांनी पत्रा ओठांपाशी नेला, त्यावर वाफ सोडली आणि अंगठ्याने हलकेच तो गाल पुसला.

"हात मागे" हे शब्द तिच्या तोंडातून फुटलेच नाहीत. फुटले असते तरी उपयोग नव्हता. गाल गेला, तीळ गेला, एक डोळा गेला. तिथे लखलखीत चांदी होती आणि तिच्यात दिव्याचा उजेड पडला होता. बाबांनी एकदा पत्र्याकडे बघितलं, एकदा अंगठ्याकडे. अंगठ्यावर राखाडी डाग होता. त्यांना हे काम कसं चालतं ते नीट ठाऊक नव्हतं, पण काय झालं ते त्यांना कळलं. हा माणूस ठकीने कधी रडताना बघितला नव्हता. आता तो आवाज न करता रडायला लागला, आणि तिला त्यांचा राग येण्याऐवजी स्वतःचाच आला, इतका की तिथे उभं राहवेना.

मावशी जिन्यावरून उतरत आली. "काय झालं? कोण गेलं?"

ठकीने सांगितलं. सांगता सांगता तिचाही बांध फुटला, आणि इतकी वर्षं जे बोलली नव्हती तेही त्या ओघात बाहेर आलं. मला आईला बघायचं होतं गं. मावशीने पदराने ठकीचं नाक पुसलं, ती पाच वर्षांची असल्यासारखं.

"तिळाचं तुला ठाऊक नव्हतं?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी विचारलं? मला वाटलं, माहीतच असेल." मग मावशी बाबांकडे वळली. "भाऊजी, डोळे पुसा. डॉक्टर सोमवारी आहेत. उद्या रविवार आहे. मी काय कुठे पळून चालले नाही."

ठकी त्या रात्री आणि सकाळी चांदी घासत राहिली.

रविवारी ऊन धड पडेना. आभाळावर पातळ पांढरा पडदा होता. काकांनी वर बघून नाक मुरडलं. "आरसा नसला तरी आज दुप्पट वेळ लागणार," ते म्हणाले. "जमेल का?" पत्रे दोनच तयार होते, आणि त्यातल्या एकाला आयोडीनच्या डब्यावरच डाग पडला. म्हणजे उरला एक.

मावशी आली ती डावीकडे भांग पाडून. एरवी ती मधोमध पाडायची. "ती असाच पाडायची," ती खुर्चीत बसत म्हणाली.

काकांनी डोकं खाजवलं. "मग तुम्ही उजवीकडे पाडा. चित्रात उलटं होणार."

"म्हणजे तिच्यासारखं दिसायचं तर तिच्या उलट करायचं?" मावशी म्हणाली. "जन्मभर तेच तर केलं!" आणि तिने फणी मागितली.

बाबा कोपऱ्यात उभे होते. ठकीने त्यांना बळेच आणलं होतं. भांग बदलून झाला तसे ते दोन पावलं पुढे आले आणि पहिल्यांदाच हातोडीला नव्हे, मावशीला म्हणाले, "ती ऐकताना मान कलती धरायची. उजवीकडे."

"म्हणजे मी डावीकडे?"

"हो. थोडी अजून. एवढी नाही. हां." त्यांनी मावशीकडे पुरतं, डोळे न चुकवता बघितलं. "आता जरा, कोणीतरी काही सांगतंय आणि तुम्हाला ते आवडतंय, असं."

"कोण सांगतंय?"

"मीच सांगायचो," बाबा म्हणाले.

मावशीने मान तशीच कलती ठेवली. काकांनी कॅमेऱ्याच्या तोंडावरची टोपी काढली. शेजारीण भिंतीवरून डोकावली. ठकीने तिला हातानेच गप्प केलं. मावशी बसून होती. तिच्या नाकावर माशी बसली आणि आपणहून उठली. अंगणात काकांच्या पुटपुटत आकडे मोजण्याखेरीज आवाज नव्हता, आणि ते आकडे संपतच नव्हते. मावशीच्या डोळ्यांतून पाणी आलं, गालावरून घरंगळत त्या तिळाला वळसा घालून हनुवटीपर्यंत गेलं, पण तिने ते पुसलं नाही आणि तोंडाची रेषाही हलू दिली नाही. काकांनी टोपी लावली तेव्हा ठकीच्या लक्षात आलं की आपणही श्वास धरून आहोत.

लाल काचेखाली तो पत्रा दुपारभर पडला होता. ऊन कमी, म्हणून वेळ जास्त. चौघं त्याच्याभोवती वेताचे मोडे टाकून बसली. काकांनी चहा केला, तो कडू झाला, तरी सगळ्यांनी प्यायला. आधी पांढरे केस वर आले. मग कपाळ. मग कलती मान. ठकी काचेवर डोळे लावून बसली होती, हात दोन्ही काखांत घट्ट दाबून.

चित्र धुऊन झालं तशी तिने बघितलं. डावीकडे भांग, उजव्या गालावर तीळ, मान उजवीकडे कलती. बोलायला उतावीळ नसलेला, ऐकत असलेला चेहरा. ही बाई केस ओढणारी नव्हती. ही कोणीतरी वेगळी होती, आणि ती कोण हे ठकीला कोणी सांगायची गरज पडली नाही. "आई," ती म्हणाली. चाळीस वर्षांत हा शब्द तिने कोणाला हाक म्हणून वापरला नव्हता.

बाबा हात पाठीमागे बांधून वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, "हो. राहिली असती तर अशीच झाली असती."

मग मावशीने चष्मा लावून बघितलं आणि ती गोंधळली. "ही तर मी! रोज आरशात हीच असते." बोलता बोलता ती थबकली. तिने पत्र्यावरून नजर काढली, मग पुन्हा बघितलं. "म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी मी हिलाच बघत होते की गं," ती म्हणाली, आणि मग काकांच्या डार्करूममध्ये जाऊन थोडा वेळ एकटीच बसली.

सोन्याचं पाणी बाबांनी ओतलं. ठकीने ते काम त्यांच्याकडे दिलं तेव्हा त्यांनी आधी नको नको केलं, आणि मग अशा हाताने ओतलं की थेंबभरही कुठे सांडलं नाही. खालून मंद आच लागली आणि चेहरा किंचित उबदार रंगाचा होत पक्का झाला.

सोमवारी तीळ गेला. आठवड्याने तपासणीचा निकाल आला, आणि डॉक्टर म्हणाले काही नाही, साधा होता, विसरून जा. मावशीने गालावर पट्टी असतानाच त्यांना ऐकवलं, की साधा होता तर मग काढलात कशाला. सगळं पूर्ववत झाल्याची याहून मोठी खूण नव्हती.

ठकीने त्या आठवड्यात लॉकेट पुरं केलं. नक्षी नाही, वेल नाही, घुंगरू नाही. चांदीची एक साधी चौकट, वर काच, आणि कडेने इतकी बारीक घडी की धूळ आत शिरणार नाही. बाबांनी साखळी केली. रविवारी दुपारी ठकीने ते गळ्यात घातलं आणि बघायला मान खाली घातली, तर दिसली फक्त चौकटीची वरची कड. हनुवटी छातीला टेकवून बघितलं, तर आई उलटी, पाय वर असल्यासारखी. ती आरशापुढे गेली. आरशात तीळ पुन्हा डावीकडे गेला होता आणि मावशी तिच्याकडे बघत होती.

इतकी वर्षं दागिने करून ही गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती, की गळ्यातला दागिना घालणाऱ्याला कधी दिसतच नाही. तो समोरच्यासाठी असतो. तिला हसू आलं. मग ती उठली, मावशीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि ते लॉकेट तिच्या गळ्यात बांधायला लागली.

"मला कशाला? माझंच थोबाड माझ्याच गळ्यात?"

"तुझं नाही. आणि तुला दिसावं म्हणूनही नाही. मला दिसावं म्हणून."

"काढू कधी मग?"

"काढायचं नाही."

मावशी पुटपुटली, पण तिने मान पुढे केली आणि कडी अडकवू दिली. ठकी समोर मोडा ओढून बसली. वर गालावर लहानशी पट्टी लावलेली मावशी, आणि तिच्या गळ्याशी, मान जरा कलती धरून, आई. जन्मात पहिल्यांदा दोघी एका वेळी तिच्यासमोर होत्या.

"बघून झालं की सांग," मावशी म्हणाली. "मला भाजी चिरायचीय."

"अजून नाही," ठकी म्हणाली.